पानाआडची मिरची

आमच्या नंदुरबारकडे डोळ्यात मिरची गेली म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. गेलंच तर लोक हसतील. तोड्याच्या दिवसांत गावातल्या निम्म्या बायांचे डोळे लालच असतात. पदराचा बोळा करायचा, तोंडाची वाफ देऊन डोळ्यावर धरायचा, गार दुधाची घडी ठेवून घटकाभर पडायचं आणि उठून पुन्हा सरीत शिरायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हेच करत आले. सत्तावीस वर्षं झाली त्याला. म्हणून तर फसले.

मिरचीत हात असलेल्या बायांसाठी हे लिहितेय. मी बारावीपर्यंत शिकलेली शेतकरीण आहे आणि तोंडाने जरा फटकळ आहे, असं घरचे म्हणतात. खरं आहे ते. डॉक्टरी माहिती माझ्याकडे मागू नका. एक डोळा गेला की काय काय जातं आणि ते कोणाकोणाच्या उपकाराने परत येतं, एवढं मला सांगता येईल.

काडी

थंडीचे दिवस होते, लाल मिरचीचा तोडा चालू होता. झाडाच्या बुडाशी एक मिरची राहिली म्हणून मी वाकले आणि सुकलेली काडी उजव्या डोळ्यात गेली. घळाघळा पाणी आलं. दिवसभर मिरची तोडलेल्या त्याच हाताने मी डोळा पुसला. मग जी आग पेटली, तिच्यात काडी विसरूनच गेले. मनात राहिली ती मिरची.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी डोळ्यात फुंकर मारली. म्हणाले, "मिरची शे वं. उतरी जाई."

तिसऱ्या दिवशीही उतरली नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळची ड्रॉपची बाटली फ्रिजच्या दारात उरलेली होती. डोळ्याचीच तर आहे, असं म्हणत मी ती टाकली. शहाणपण बघा माझं. दोन दिवस इतका आराम पडला की मी शेजारणीलाही सांगून आले, फार गुणाची बाटली आहे म्हणून. सहाव्या दिवसापासून डोळा ठणकायला लागला. नवव्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर काळ्या बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"बुरशी"

नंदुरबारच्या डॉक्टरबाईंनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात पिवळं औषध टाकलं आणि बराच वेळ बघत बसल्या.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"काय काय टाकलं डोळ्यात?"

ह्यांनी खिशातून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी नाव वाचलं आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मिरचीची आग एका दिवसात जाते. नऊ दिवस राहिली, म्हणजे ती मिरचीची नव्हती. काडी लागली होती का?"

तेव्हा मला काडी आठवली.

"बुबुळावर बुरशी आलीय," त्या म्हणाल्या. "काडीवरची. ह्या ड्रॉपने आग दबली आणि बुरशीला मोकळं रान मिळालं."

"बुरशी? शिळ्या भाकरीवर येते ती?"

"तसलीच."

मला हसू आलं. भीती वाटली की मी अशी भलतीच हसते. मग त्यांनी सांगितलं की आजच सुरत गाठा. आधी डोळा वाचवायचा, नजरेचं नंतर बघू. डोळा आणि नजर ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. जिना उतरताना ह्यांनी माझा दंड धरला. भर बाजारात त्यांनी मला असं धरायची ती पहिलीच वेळ असेल.

तासातासाला

माझी मुलगी मनीषा लग्न करून सुरतेतच राहते. त्यामुळे दवाखान्यात माझ्याजवळ माणूस होतं. किती बायांजवळ नव्हतं, ते मी बघितलं.

एकोणीस दिवस मी तिथे होते. दर तासाला ड्रॉप. एक पिवळं, चुरचुरणारं. पाच मिनिटांनी दुसरं. मनीषाने वहीच्या पानावर चौकोन आखले होते. ड्रॉप पडला की टिक. गुजराती सिस्टर येऊन म्हणायची, "मासी, उपर जुओ," आणि मी वर पाहायची. वरच्या पंख्याच्या पातीवर एक जाळं लोंबत होतं. ते जाळं मला आजही जसंच्या तसं काढून दाखवता येईल.

माझ्या शेजारच्या पलंगावरच्या बाईचा डोळा काढावा लागला. सकाळी माझ्याशी बोलत बोलत ती आत गेली आणि दुपारी पट्टी बांधून परत आली. त्या दिवशी मी जेवले नाही. मनीषा ओरडली, "मम्मी, तू खाल्लं नाहीस म्हणून तिचा डोळा परत येणार आहे का?" मीही ओरडले. मायलेकी वॉर्डात भांडलो. शेवटी त्या बाईनेच पलंगावरून हात लांब केला आणि म्हणाली, "बेन, जमी लो." तिच्या शब्दाखातर चार घास खाल्ले. एवढं मोठं मन माझं नसतं, हे मी कबूल करते.

हे एक दिवसाआड गाडीने यायचे. पायाशी बसायचे. माझ्या डोळ्याकडे बघायचे नाहीत. एकदा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मीच सांगेल व्हतं, मिरची शे, उतरी जाई." आणि रडायला लागले. मोठ्या माणसाला असं रडताना बघवत नाही. मी म्हटलं, "बाटली त मीच टाकेल व्हती. ऱ्हाऊ द्या आते."

डोळा वाचला. बुरशी मेली. पण बुबुळावर फूल पडलं, पांढरं, अगदी मधोमध. त्या डोळ्याला उजेड समजायचा, डोळ्यापुढे हलणारा हात समजायचा, बाकी दुधात बुडाल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट निवू द्या, मग दुसऱ्याचं बुबुळ बसवता येईल. मिळालं तर.

एका डोळ्याचं घर

पहिले पंधरा दिवस चहा कपाबाहेर. सुईत दोरा घालायचं नाव सोडून दिलं. ओट्यावरून खाली उतरताना पायरी आहे की संपली, ते पायाने चाचपायचं. ह्याची सवय होते. माणूस शिकतं. ज्यांचं असं झालंय त्यांना मी सांगते, पहिल्या महिन्यात रडा, पण ते कायमचं आहे असं समजू नका.

मला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. रिकाम्या ओट्यावर चमचा पडलेला असला तर लगेच दिसायचा. तोच चमचा भांड्यांच्या घोळात असला, पातेली, झाकणं, वाट्या, सगळं स्टील, तर मी त्याच्यावर नजर रोखून उभी राहायची आणि तो सापडायचा नाही. पांढऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक तिथी वाचता यायची. बाजारात गर्दीत दहा पावलांवर उभे असलेले हे मात्र दिसायचे नाहीत. मला वाटलं, चांगला डोळाही चालला. घाबरून तपासायला गेले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तो डोळा उत्तम आहे. दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून पुढचं काय आणि मागचं काय ते वेगळं निघतं. एकाला सगळं एकाच कापडावर छापलेलं दिसतं. मागे मोकळं असलं तर चालतं. पसारा असला की अडतं."

छापील साडीसारखं, अगदी बरोबर. पानं, फुलं, वेली, सगळं एका पातळीत.

माझी सरी

इथे मला माझी बढाई सांगावी लागेल. आमच्या वावरात मिरची तोडायला आठ-दहा बाया येतात आणि मी त्यांच्या मागून फिरते. मागे राहिलेली एकेक मिरची मी बोटाने दाखवायची. "ती काय, फांदीखाली. ती काय, जोडपानामागे." बाया म्हणायच्या, वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. मला ते फार आवडायचं. घरात माझं फार कोणी ऐकत नव्हतं, पण वावरात माझा शब्द चालायचा.

पुढच्या हंगामात, हिरव्या मिरचीच्या पहिल्या तोड्याला, मी हट्टाने गेले. पिकलेली लाल मिरची एका डोळ्यालाही दिसते. हिरव्या झाडातली हिरवी मिरची म्हणजे काय, ते मला सरीत शिरल्यावर कळलं. नुसती पानं. मी हाताने चाचपडत गेले, जेवढी लागली तेवढी तोडली आणि टोकाला जाऊन जोरात सांगितलं, "ही सरी साफ."

दोन बाया माझ्या सरीतून पुन्हा आल्या. अर्धी टोपली भरली. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

हे बांधावर उभे होते. हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं. घर बठ, आराम कर."

"मी काय फोटो शे का भिंतवर टांगाले?" मी म्हटलं आणि टोपली तिथेच टाकून घरी आले. त्या दिवशी मात्र मी पोटभर रडले. दवाखान्यात जेवढी रडले नव्हते तेवढी. डोळा जाणं मी सोसलं होतं. वावरातली माझी जागाही आता गेली, असं मला वाटलं. ते सोसवेना.

रमिला

आमच्याकडे बारा वर्षांपासून येणारी एक बाई आहे, रमिला. पलीकडच्या पाड्यावरची. घरी ती भिली बोलते, आमच्याशी आमच्यासारखं बोलते. तिचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. तोडताना ती सारखी डोकं हलवते, एकदा इकडे, एकदा तिकडे. मी तिला नेहमी कडेची सरी द्यायची, कारण तिचं ते डोलणं बघून मला चीड यायची. बाकीच्या बायांत मी तिला नंदीबैल म्हणायची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वावरात गेले, खरं तर ह्यांच्याशी भांडायलाच. रमिला आपली सरी सोडून माझ्याकडे आली. कोणी बोलावलं नव्हतं.

"वहिनी, तू खांबनागत उभी ऱ्हास. असं नही दिसाव."

"मंग कसं दिसी?"

"डोकं हालाव. इकडे, मंग तिकडे. पुढलं पान जास्ती सरकस, मांगली मिरची कमी सरकस. जे येगळं सरकस ते पकड."

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नाही अशी खात्री केली आणि डोकं हलवलं. पहिल्यांदा नुसतीच चक्कर आली. दुसऱ्यांदा पानं जागची हलली. तिसऱ्यांदा त्या पानांच्या मागून एक मिरची सुटी झाली, मग तिच्या शेजारची, मग आणखी तीन. एवढा वेळ त्या माझ्या नाकासमोरच होत्या. मी हात घालून पहिली तोडली आणि रमिलाला दाखवली, जशी काही मीच शोध लावला होता.

"डाव्या हातमा फांदी ले, वर कर," ती म्हणाली. "मांगे आभाय ऱ्हायनं का मिरची लगेच दिसस."

म्हणजे ते डोलणं तिचं कसब होतं. मी बारा वर्षं बघत होते आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही, की बाई, तू असं का करतेस?

त्या हंगामात मी रमिलाच्या शेजारची सरी धरली. संध्याकाळपर्यंत मान आखडून जायची. आमच्याकडे मालकीण बांधावर जेवते आणि तोडणाऱ्या बाया विहिरीजवळ गोल करून बसतात. माझे धडे चालू होते, म्हणून मी डबा घेऊन विहिरीजवळ जायला लागले. ती तिच्या डोळ्याची गोष्ट सांगायची. "आठ वरीसनी व्हती. बांबूनी कामटी लागनी." पाड्यावरून दवाखाना लांब, बापाने झाडपाला बांधला, संपलं. चहा ओतताना कपाला किटलीचं तोंड टेकवायचं, हे तिनेच मला शिकवलं. काट्याच्या कुंपणापलीकडचं जनावर ओळखायचं असेल तर दोन पावलं चालत चालत बघायचं, उभं राहून नाही, हेही तिचंच. एकदा मी हिंमत करून नंदीबैलाचं सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, "मले ठावं शे." आणि मिरचीचा ठेचा माझ्या भाकरीवर ठेवला.

हंगाम अर्धा झाला तोवर माझ्या मागून कोणाला पुन्हा तोडत यावं लागत नव्हतं. एक दिवस पाण्याची कळशी ह्यांनी स्वतः माझ्या सरीपर्यंत आणून दिली.

फोन

मनीषाचा फोन आला तेव्हा मी सरीतच होते. "मम्मी, बुबुळ मिळालंय. आजच निघ."

त्याच दिवशी कोणाच्या तरी घरी माणूस गेलं होतं. घरात रडारड चालू असताना कोणीतरी, मुलाने असेल, बायकोने असेल, हो म्हटलं. मी गाडीत बसून तेवढाच विचार करत होते. आनंद मानावा तर अपराधी वाटत होतं. डॉक्टरांना मी विचारलं, कोणाचं? ते म्हणाले, सांगत नाहीत. देणारे मोठ्या मनाचे होते एवढं समजा.

ऑपरेशन एका दिवसाचं, पण नजर काही एका दिवसात येत नाही. टाके कितीतरी महिने डोळ्यात राहतात, थोडे थोडे काढतात. डोळा लाल झाला की धाव सुरतेला, कारण शरीर कधी कधी परकं बुबुळ नाकारतं. दोनदा तशी वेळ आली. दोन्ही वेळा मी दुसऱ्या तासाला गाडीत होते. आता मला कोणी सांगू नये, मिरची शे, उतरी जाई.

दोन

तिसऱ्या हंगामात चष्मा लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वावरात गेले, सरीच्या तोंडाशी उभी राहिले आणि उजवा डोळा तळव्याने झाकला. छापील साडी. तळवा काढला.

पानं पुढे आली. मिरच्या मागे लोंबायला लागल्या. पानाच्या आणि मिरचीच्या मध्ये जागा दिसली, नुसती हवा, बोट घालता येईल एवढी. डोकं हलवायची गरजच नव्हती. मी तळवा झाकत होते, काढत होते, झाकत होते. डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा पदराच्या स्वच्छ टोकाने टिपलं. कोणाच्या तरी घरातला डोळा नंदुरबारच्या मिरचीत उभा राहून रडत होता. मला फार भरून आलं. देवाचे, डॉक्टरांचे, मनीषाचे, त्या शेजारच्या पलंगावरच्या बाईचे, सगळ्यांचे आभार मी त्या सरीत मानले.

आणि मग मी पुन्हा पहिल्यासारखी फिरायला लागले. मागून बघायचं, बोट दाखवायचं. "ती काय, फांदीखाली." बाया हसायच्या, वहिनी परत आल्या म्हणायच्या. दुपारी मी बांधावर ह्यांच्यासोबत जेवायची. काही ठरवून केलं नव्हतं. आपोआप झालं.

आठ-दहा दिवस गेले असतील. रमिलाच्या सरीतून मी मागून आले. दोन्ही डोळ्यांनी नीट बघत आले, आणि एकही मिरची राहिलेली सापडेना. टोकाला ती टोपली रिकामी करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, तुले दोन डोया व्हई गयात, तं मी दिसाले बंद व्हई गई का?"

चिडून म्हणाली नाही. सहज म्हणाली.

ज्या घराने बुबुळ दिलं त्याचं नाव मला कधीच कळणार नाही. त्यांच्यासाठी मी रोज हात जोडते. रमिलाचं नाव मला बारा वर्षं ठाऊक होतं, आणि तिला तोंडावर मी आभाराचा एक शब्दही म्हटला नव्हता.

दुपारी मी बांधावरून डबा उचलला. हे म्हणाले, "कोठे चालनी?" मी सांगितलं, जेवायला. विहिरीजवळ सगळ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "रमिला, तू नही ऱ्हाती तं मी तो हंगाम घरमा रडत काढती. तुन्हा उपकार शेतस मन्हावर. मी सांगं नही, चुकनं मन्हं." बाया खाली बघत राहिल्या.

मी तिच्या शेजारी बसले. रमिलाने सगळी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बठ," ती म्हणाली. "पन त्या बाजूले नको, मन्हा उजव्या बाजूले बठ. डाव्या बाजूले मले तू दिसत नही."

मी डबा घेऊन उठले आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.